चार नंबरच्या डबीत काय आहे?

…तर मला दोन मिनिटं दिली आहेत. दोन! अध्यक्षांना वीस, कार्यवाहांना पंधरा, खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याचे आभार मानायला पाच, आणि सत्कारमूर्तींच्या डब्या सतरा वर्षं जिनं धुतल्या तिला दोन. तीसुद्धा चहा फिरायला लागल्यावर. कपबशांचा आवाज चाललाय, मागची रांग बिस्किटांचा ट्रे कुठवर आला ते बघतेय, आणि आता म्हणे, मावशी, बोला तुम्ही दोन शब्द. दोन मिनिटांत दोन शब्द, म्हणजे मिनिटाला एक. एवढं हळू मला बोलता येत नाही, तेव्हा जास्त होतील. चहा घ्या तुम्ही. माझ्यासाठी कोणी कप खाली ठेवायची गरज नाही.

आता रीतीप्रमाणे.

सन्माननीय अध्यक्ष महोदय. दवाखान्याचे कार्यवाह साहेब. व्यासपीठाच्या अगदी कडेच्या खुर्चीवर ज्यांना बसवलंय आणि ज्यांचा उल्लेख करायचं आत्तापर्यंत एकाही वक्त्याला सुचलं नाही, त्या आमच्या त्वचाविभागाच्या डॉक्टरबाई. आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे औषधखिडकीचे प्रमुख, ज्यांना लहानथोर सगळे मलमकाका म्हणतात ते मलमकाका. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मंडळी, आमच्या काकू. सिस्टर मंडळी, वॉर्डातले दादा लोक, आणि समोर बसलेल्या तमाम गुळगुळीत चेहऱ्याच्या बंधू-भगिनींनो!

हसताय का? ज्यांना कळलंय ते हसतायत. ज्यांना नाही कळलं त्यांना थोड्या वेळात कळेल.

ऑफिसातल्या क्लार्कदादांनी मला भाषण लिहून दिलंय. चौथीत शाळा सुटलेली बाई व्यासपीठावर काय बोलून बसेल, याची त्यांना काळजी. अक्षर फार सुंदर आहे. पहिली ओळ वाचते. ‘मलमकाका म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर.’ बरोबर आहे हो. सागरच. तळाला काय आहे ते कोणाच्या बापाला दिसत नाही. दुसरी ओळ, ‘त्यांच्या कार्याचा सुगंध सर्वदूर दरवळत राहील.’ हेही खरं. चार नंबरच्या मलमाला गुलाबाचा वास येतो. तो काका वरून घालतात, चमच्यानं. पुढच्या ओळी अशाच गोड आहेत. मी त्यांची घडी करून ठेवते, क्लार्कदादा, तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या निरोपाला वापरता येतील.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आमची खिडकी माहीत नसेल, म्हणून सांगते. आमच्याकडे मलम मोठ्या बरणीतून येतं आणि लहान प्लॅस्टिकच्या डबीत भरून पेशंटला मिळतं. डबीवर नाव नसतं. झाकणावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर आकडा. एक म्हणजे खाजेचं, दोन भेगांचं, तीन भाजल्याचं. वाचता येवो न येवो, आकडा सगळ्यांना कळतो. ही काकांचीच युक्ती. काय डोकं आहे! डबी धुणं, सुकवणं, पट्टी चिकटवणं आणि आकडा काढणं हे काम माझं. एक, दोन आणि तीनमध्ये काय आहे ते आतल्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलंय. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

चार त्या तक्त्यावर नाही.

चार नंबर तोंडाला लावायचा. मुरमं, पुटकुळ्या, डाग, काळवंडलेपणा, लग्न आठवड्यावर आलंय आणि हनुवटीवर फोड उठलाय, सगळ्याला चार. कोणी डॉक्टर तो कागदावर लिहून देत नाही. तो मागून मिळतो, आणि ओळखीवर मिळतो. काका तो गुरुवारी दुपारी स्वतः बनवतात, खिडकी लावून, आतून कडी घालून. आणि एरवी ज्या खोलीचा केर मी काढते, त्या खोलीचा गुरुवारचा केर काका स्वतःच्या पिशवीत भरून घरी नेतात. सतरा वर्षांत सगळ्या स्टाफमध्ये कचरा घरी नेणारा हा एकच माणूस मी पाहिला. मघाशी कार्यवाह साहेब काकांच्या स्वच्छतेबद्दल बोलले ना? मला वाटतं ते हेच.

आता माझ्या धाकटीचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी ती अठराची. हनुवटीवर आणि गालांवर मुरमं आली. त्या वयात ज्याला त्याला येतात. आधी टूथपेस्ट लावून झाली. मग मावसबहिणीनं सांगितलं म्हणून लिंबू चोळून झालं. शेवटी मी म्हटलं, आपण त्वचेच्या दवाखान्यात काम करतो आणि आपली पोरगी लिंबू चोळते, लोक काय म्हणतील? नेलं डॉक्टरबाईंकडे. बाई तेव्हा नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी नीट बघितलं, फोड मोजले. चौदा निघाले. आणि तीन ट्यूबा लिहिल्या.

“मावशी, नीट ऐका. हे जेल रात्रीचं. तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं आणि वाटाण्याएवढं घ्यायचं. डोळ्यांच्या कडा आणि ओठ सोडून सगळ्या तोंडाला पातळ लावायचं. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड. ही दुसरी ट्यूब सकाळची, दोन मिनिटं ठेवून धुवून टाकायची. तिसरी उन्हात जाताना. सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, सालं निघतील. तीन-चार आठवडे फोड वाढल्यासारखे वाटतील. सोडायचं नाही. तीन महिन्यांनी आपण चेहरा बघू.”

“तीन महिने?” मी म्हटलं. “बाई, तीन महिन्यांत माझ्या बहिणीनं मुलगी दाखवली, लग्न ठरवलं आणि उरकून टाकलं.”

“मग कातडीला लग्नापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो असं समजा,” बाई म्हणाल्या.

मला राग आला. पण ट्यूबा घेतल्या.

आता माझी हुशारी ऐका. वाटाण्याएवढं म्हणाल्या ना? मी हिशेब केला, एका फोडाला एक वाटाणा. फोड चौदा. चौदा वाटाणे, रोज, एक दिवसाआड वगैरे भानगड नाही. औषध जास्त लावलं तर लवकर गुण येणार, यात शिकायचं काय आहे? भिंतीला चुना लावतात तसं मी पोरीच्या तोंडाला जेल लावलं. सकाळच्या ट्यूबनं घरातल्या निळ्या टॉवेलवर पांढरे धब्बे पडले. उशीचे अभ्रे गेले. मी म्हटलं, टॉवेलाचे जर हे हाल, तर पोरीच्या कातडीचं काय होणार? बाईंनी ते आधी सांगितलं होतं, पांढरा टॉवेल वापरा म्हणून. पण मी तेव्हा बहिणीच्या मुलीचं लग्न सांगण्यात गुंग.

नवव्या दिवशी पोरीच्या तोंडाची सालं निघायला लागली. तिचा भाऊ म्हणतो, “ताई, तू कात टाकतेयस का? आम्ही घर सोडून जाऊ का?” तिसऱ्या आठवड्यात नवीन फोड आले. शेजारीण जिन्यात भेटली, “अगंबाई, तुम्ही तर त्या दवाखान्यातच ना? मग हिचं असं कसं?” एवढं वाक्य पुरलं मला. मी दुसऱ्या दिवशी बाहेर पेशंटची रांग लागलेली असताना डॉक्टरबाईंच्या टेबलापुढे उभी राहिले आणि म्हटलं, “बाई, तुम्ही शिकून आलात, की आमच्या पोरींवर शिकायला आलात?”

बाईंनी एवढंच विचारलं, “मावशी, किती लावता?”

मी ट्यूबा त्यांच्या टेबलावर आपटल्या आणि निघाले. रांगेतली निम्मी माणसं माझ्या मागून उठून गेली. फार मोठा विजय झाला माझा त्या दिवशी.

आणि खिडकीपाशी काका उभेच होते.

“मावशी, आधी माझ्याकडे का नाही आलात?” काका म्हणाले. “घरचं माणूस असून दारोदार फिरता?” एक हात आत गेला आणि बाहेर आली ती चार नंबरची डबी. झाकणावरचा आकडा माझाच. “हे लावा. तीन दिवसांनी बोला.”

तीन दिवसांनी मी काय बोलणार? पोरीचा चेहरा नव्या बशीसारखा. फोड गेले, लाली गेली, वर उजळलासुद्धा. जळजळ नाही, सालं नाही, गार गार आणि गुलाबाचा वास. मी मनात म्हटलं, हे खरं औषध. जे झोंबतं ते वाईट आणि जे गार लागतं ते चांगलं, एवढं डॉक्टरकीचं शिक्षण मला होतं.

अध्यक्ष महोदय, घंटा वाजवलीत का? वाजवा. पण दोन मिनिटं केव्हाच संपली, आता मी उधारीवर बोलतेय. आणि तुम्हाला तर ऐकायलाच हवं. दर महिन्याला तुमच्या ड्रायव्हरच्या हातून सूनबाईंसाठी दोन डब्या जातात, त्यांची झाकणंसुद्धा मीच लावते. आता कसे हसलात सगळे! सिस्टर, तुम्ही नका हसू, तुमची डबी पर्समध्ये असेल.

मी गप्प कशी बसणार? ज्याला त्याला सांगत सुटले. माझ्या हातानं चार नंबरच्या डब्या एकतीस जणींकडे गेल्या. लाँड्रीवाल्या दोघी बहिणी. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, त्याची मुलगी. माझी सख्खी भावजय. टोमणा मारणारी ती शेजारीण, तिला तर मुद्दाम दिली, बघ म्हटलं आमचा दवाखाना. प्रत्येकीला वर हेही सांगितलं की त्या नव्या डॉक्टरणीकडे जाऊ नका, ती तोंड भाजते. काकांचं तोंडभर कौतुक करणारे आज पाच वक्ते झाले. मी ते काम तीन वर्षं दारोदार फुकट केलंय.

मग काय झालं ते या भाषणात शोभत नाही, पण सांगते.

वर्षभरानं पोरगी दोन दिवस मामाकडे गेली आणि डबी विसरली. परत आली ती लालभडक तोंड घेऊन. नुसती आग, खाज आणि सूज. डबी लावली, तासाभरात गार. मी म्हटलं, बघा, किती गुणकारी, एक दिवस सोडवत नाही. मग पुढे सकाळ-संध्याकाळ लावावं लागायला लागलं. मग गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, कापडाला उसवलेला दोरा असतो ना तशा. मग कानशिलापासून हनुवटीपर्यंत लव आली. ऊन लागलं की डोळ्यांत पाणी. आणि फोड? फोड परत आले. पण आधीसारखे लहानमोठे नाहीत, सगळे एका मापाचे, खसखस पेरल्यासारखे. मी खिडकीवर गेले की काका म्हणायचे, “उष्णता आहे हो अंगात. डबी वाढवा.” मी वाढवायचे.

माझी पोरगी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या समोर वाकून चष्मा नाकावर बसवायचा, कानामागे काडी ठीक करायची. म्हणजे समोरच्याचं तोंड आणि हिचं तोंड यात एक वीत अंतर. गिऱ्हाईक चष्मा लावतं आणि पहिल्यांदा स्वच्छ काय बघतं? हिचा गाल. एका बाईनं आपल्या मुलाला मागे ओढलं, लागण होईल म्हणून. दुकानाच्या मालकांनी तिला आतल्या खोलीत काचा पुसायला बसवलं. मालक चांगले आहेत, काढलं नाही. फक्त म्हणाले, तोंड बरं झालं की बाहेर ये.

त्या दिवशी तिनं घरी येऊन डबी कचऱ्यात टाकली, एकदम. चौथ्या दिवशी तिचे डोळे उघडेनात इतकं तोंड सुजलं. आज चोवीस दिवस झाले, ती घराबाहेर पडलेली नाही. आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवलाय, तोच निळा, धब्बेवाला.

मग मी कुठे गेले असेन? ज्यांच्या टेबलावर ट्यूबा आपटल्या होत्या त्यांच्याकडेच. दारात उभी राहिले, आत पाय पडेना. बाई म्हणाल्या, “मावशी, आत या, पंखा लावलाय.” एवढंच. मागचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

संध्याकाळी त्या स्वतः आमच्या घरी आल्या. पोरीला बघून त्यांनी विचारलं, “काय लावत होती?”

“मलम.”

“कोणतं?”

“चार नंबर.”

“मावशी, चार हा आकडा आहे. औषधाचं नाव सांगा.”

बंधू-भगिनींनो, सतरा वर्षं मी तो आकडा काढतेय. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी त्याचा अर्थ विचारला, आणि माझ्यापाशी नव्हता.

बाईंनी समजावून सांगितलं, तेही मला कळेल असं. म्हणाल्या, यात स्टिरॉइड असणार, लक्षणं तीच आहेत. ते फोडाची लाली दाबतं, फोड बरा करत नाही. रोज लावलं की कातडी पातळ होते आणि त्याच्याशिवाय राहायची विसरते. पण स्टिरॉइड काय एक असतं? सौम्य असतं, जहाल असतं. किती जहाल होतं, किती प्रमाणात होतं, सोबत रंग उजळायचं काही घातलंय का, हे कळलं तर सोडवायचं कसं ते नेमकं ठरवता येतं. नाहीतर मी अंधारात चालतेय. डबी तपासायला पाठवलीय. तिकडून उत्तर आलं की महिना-दीड महिना लागेल, आणि नेमकं काय शोधायचं ते कळवा. नेमकं काय शोधायचं ते जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्याच्या गळ्यात आत्ता हार आहे.

बाईंनी काकांना चिठ्ठी पाठवली. काकांनी उलट निरोप दिला, ही विद्या आहे, चिठ्ठीवर देता येत नाही. मग मी स्वतः गेले खिडकीवर.

“काका, चार नंबरमध्ये काय असतं?”

“प्रेम असतं, मावशी.”

“आणि प्रेमाशिवाय?”

काका हसले. म्हणाले, “सतरा वर्षं तुम्ही झाकण लावलंत. आता उघडायला निघालात?” आणि वर म्हणाले, “तुमच्या पोरीसाठी जाता जाता बारा डब्या वेगळ्या ठेवल्यात. वर्षभराची सोय. मी नसलो तरी तुमचं अडायला नको.”

बघा, काय मन आहे! निवृत्त होणारा माणूस स्वतःचा विचार करतो. काकांनी माझ्या पोरीचा केला. त्या बारा डब्या मी घेतल्या, हो, घेतल्या. माझ्या कपाटात कुलपात आहेत. कारण घरी पोरगी रोज म्हणते, “आई, दे ना एक. दोन दिवसांत तोंड परत येईल. मला दुकानात जाता येईल. नंतर सोडीन हळूहळू.” आणि मला माहीत आहे ती खरं बोलतेय. दोन दिवसांत तोंड येईल परत. किल्ली माझ्याकडे आहे आणि रोज सकाळी मी ती मुठीत धरून कपाटापुढे उभी असते. कपाटापुढचा हा प्रश्न आज मी काकूंना विचारू का? तुम्ही काय केलं असतंत, काकू?

नाही, काकूंना नको. त्यांना यातलं माहीत नसेल. काका, तुम्हीच सांगा.

काय म्हणालात? ही जागा नव्हे? मग जागा कोणती हो? खिडकीवर विचारलं तर प्रेम, चिठ्ठीवर विचारलं तर विद्या, आणि उद्यापासून खिडकीवर तुम्ही नाहीच. मला तर एवढीच जागा मिळाली, तीही दोन मिनिटांची.

आणि काका, मी असं म्हणणार होते की तुम्हाला ठाऊक नसेल. जुना माणूस, कोणाकडून तरी शिकला, चांगलं समजून देत राहिला. मी तशी स्वतःची समजूत घालूनही घेतली होती. लोकांना तीन दिवसांत गुण हवा होता, तुम्ही दिलात. मागणारी मी, वाटणारी मी, तुम्हाला एकट्याला कसं बोलू? अगदी इथवर आले होते.

पण मागच्या बुधवारी मी मागच्या नळावर डब्या धुत होते. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आली. गोड पोर, कपाळावर मुरमं. हातात डॉक्टरबाईंच्या कागदाची ट्यूब, तीच, रात्रीची. मला म्हणते, “मावशी, वाटाण्याएवढं म्हणजे नक्की किती? सगळ्या चेहऱ्याला मिळून की एका फोडाला?”

माझ्या हातातली डबी नळाखाली तशीच राहिली. मी तिच्या बोटाच्या टोकावर दाखवलं. म्हटलं, एवढंच, सगळ्या चेहऱ्याला मिळून, आणि तीन महिने सोडू नकोस, सालं निघाली तरी. मग विचारलं, तू कोणाची गं?

म्हणाली, “खिडकीवरच्या काकांची नात. आजोबांनीच आणलं मला मागच्या दारानं. म्हणाले, बाई देतील तेच लाव, आणि त्या डबीला हात लावायचा नाही.”

पोर आज इथे नाही, बरं झालं. तिचं काही चुकलेलं नाही, तिला कोणी काही बोलायचं नाही. तिचा चेहरा छान होणार आहे. तीन महिन्यांनी बघा.

संध्याकाळी मी काकांना जिन्यात गाठलं. एवढंच विचारलं, नातीला चार नंबर का नाही? काका चष्मा पुसत म्हणाले, “ती लहान आहे हो.”

माझी अठराची होती, काका. बसच्या ड्रायव्हरची सोळाची.

बसा, कार्यवाह साहेब, बसा. माईक ओढू नका, मी तशीही मोठ्यानं बोलते. मला काही काकांचं मानपत्र परत घ्यायचं नाही. हार राहू दे, घड्याळ राहू दे, फोटो भिंतीवर लावा, त्याचीही धूळ मीच पुसेन. पोलीस, खटला, ते शिकलेल्या लोकांनी बघावं. मी काकांना दोष देते त्याच्या मागोमाग माझाही घेते. झाकणं मी लावली. चौदा वाटाणे मी लावले. डॉक्टरबाईंना रांगेसमोर बोलले, ते आज या रांगांसमोर परत घेते. बाई, मी चुकले. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, किती लावता, तर उत्तर आज देते. चौदापट लावत होते.

आणि इथे बसलेल्या ज्यांच्या घरी चार नंबर आहे, त्यांनी आज ऐकलं म्हणून उद्या डबी फेकू नका. माझ्या पोरीनं फेकली, तिचं काय झालं ते सांगितलं. डबी घेऊन बाईंकडे या. मागच्या दारानं या हवं तर, त्या दाराला सवय आहे.

पण बाईंनी त्यांना तरी सांगायचं काय? त्यांनाही अंधारातच हात धरून न्यायचं?

म्हणून काका, शेवटचं. सोमवारी सकाळी साडेनऊला माझ्या पोरीचा नंबर आहे. तोंडाला रुमाल बांधून का होईना, चोवीस दिवसांनी ती घराबाहेर पडायला तयार झालीय, आणि ती एकाच बोलीवर: “आई, त्यात काय होतं ते बाईंना कळलं असेल तरच मी येते. नाहीतर कपाट उघड.” हे तिचे शब्द. मी तिला हो म्हणून बसलेय.

तुमच्या हातानं लिहिलेला एक कागद हवा. चार नंबरमध्ये कोणकोणत्या ट्यूबा पिळत होता, कशाच्या किती, आणि मधल्या वर्षांत काही बदललं असेल तर तेही. वळणदार अक्षर नको, सुगंध नको. तुम्हाला लिहायला संकोच वाटत असेल तर गुरुवारच्या कचऱ्याची पिशवी आणून द्या, बाई त्यातून वाचतील. कागद आला नाही तर सोमवारी नऊ वाजल्यापासून मी त्या एकतीस घरी जाणार आहे, आणि प्रत्येक दारात सांगणार आहे की मी तुम्हाला काय दिलं ते मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो त्याच्या नातीला देत नाही. मग त्या एकतीस जणी तुमच्या दारात येतील. तिथे तरी जागा योग्य असेल.

माझं दोन मिनिटांचं भाषण एवढ्या सगळ्यांनी बसून ऐकलं, काहींनी उभं राहून ऐकलं, त्याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे. कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, कोणाच्या घरातली डबी चारचौघांत निघाली असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. मला सांभाळून बोलता येत नाही. काका, तुम्ही मात्र मला क्षमा करू नका आणि माझी मागूही नका. मला तिचा काही उपयोग नाही. मला कागद हवा. सोमवारी, सकाळी नऊच्या आत, डॉक्टरबाईंच्या हातात.